पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला श्री

दर हिवाळ्यात माझ्या मोबाईलवर कुणीतरी एक यादी धाडतं. 'आयुष्यात एकदा तरी ऐकावेत असे शास्त्रीय संगीताचे महोत्सव.' त्यात पुणं असतं, ग्वाल्हेर असतं, कोलकाता असतं. मराठवाड्यातलं एखादं नाव चुकूनमाकून येतं. आमच्या जिंतूरचं नाव कधीच नसतं, आणि खरं सांगायचं तर नसावंच. आमच्या समारोहात माईक मधेच शिट्टी मारतो, मांडवाच्या मागं म्हशी हंबरतात, आणि पाहुणे कलाकार वेळेवर आले असं मी कधी पाहिलं नाही. तरी माझं ऐकाल तर ऐकण्यासारखं जे होतं ते आमच्याकडंही होतं. ते ऐकायला कुणी येत नव्हतं, हा भाग वेगळा.

ते म्हणजे सत्यशीलाताई.

मुलींच्या शाळेत त्या गाणं शिकवायच्या. अंगानं बारीक, कपाळावर ठसठशीत कुंकू, इस्त्रीची सुती साडी आणि खांद्यावर शबनम पिशवी. रस्त्यानं चालताना कुणी नमस्कार घातला तर दचकायच्या, जणू नमस्कार मागच्या माणसाला असावा. मी त्यांच्या साथीला तबला वाजवायचो. माझं नाव योगीराज. पंचायत समितीत कारकुनी करून रिटायर झालो. लोक म्हणतात की मी हातापेक्षा तोंडानं जास्त वाजवतो. म्हणोत बापडे.

आमचा समारोह म्हणजे तात्याराव गुरुजींची पुण्यतिथी. गुरुजी तरुणपणी हैदराबादेत राहून गाणं शिकून आलेले. सारं आयुष्य जिंतुरात काढलं, घरच्या ओसरीवर पोरांना शिकवलं, आणि फी म्हणून कुणी शेंगा दिल्या तर शेंगा घेतल्या. ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी हा समारोह सुरू केला. अनंतराव कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. पद्धत अशी पडली की आधी गुरुजींच्या शिष्यांनी फोटोपुढं हजेरी लावायची, मग पाहुण्यांनी गायचं. पहिल्या वर्षी हजेरीला शिष्यांची रांग होती. मग कुणी नोकरीपायी पुण्याला गेलं, कुणाचा गळा बसला, कुणी गुरुजींच्या मागोमाग गेलं. शेवटी एकट्या ताई उरल्या.

त्यांची हजेरी दुपारची. तेव्हा मांडवात सतरंज्या अंथरणारी माणसं असायची, चहाची किटली घेऊन फिरणारा असायचा, आणि पुढच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरणारे चार पेन्शनर. ते रुमाल टाकून परत घरी चहाला जायचे. ताई रिकाम्या रुमालांपुढं गायच्या. मी एकदा चिडून म्हणालो, "ताई, ह्या रुमालांना तरी काही कळायलंय का?" तर हसून म्हणाल्या, "रुमाल जांभई तर देईनात ना, भाऊ."

ताई मूळच्या ताडकळसच्या. वडील चंद्रभान, शेतकरी माणूस. गुरुजी एकदा तिथल्या सप्ताहाला गेले होते. काकड्याच्या भजनात एका पोरीचा आवाज त्यांच्या कानावर पडला आणि ते चंद्रभानच्या दारात जाऊन बसले. "ही पोरगी मला द्या," म्हणाले. चंद्रभानला आधी वाटलं, गुरुजी सोयरीक घेऊन आलेत! मग पोरगी जिंतूरला मावशीकडं राहिली, शिकली, आणि पुढं एसटीच्या डेपोतल्या गोपाळरावांशी लग्न होऊन इथलीच झाली. गोपाळराव सुरांच्या बाबतीत दगड, पण माणूस सोन्यासारखा. बायकोच्या रियाजाच्या वेळी दाराबाहेर बसून भाजी निवडायचे.

गुरुजींनी पुष्कळांना पुष्कळ काही दिलं, पण श्री राग दिला तो एकट्या ताईंना. श्री हा दिवस मावळतानाचा राग. कोमल रिषभावरून एकदम पंचमावर जायचं आणि तिथून परत रिषभावर यायचं, त्या जाण्यायेण्यात त्याचा सगळा जीव. गुरुजी तो रिषभ आपल्या उस्तादांच्या तऱ्हेनं लावायचे. ती तऱ्हा दुसऱ्या कुणाची मी ऐकली नाही. सख्ख्या मुलाला, अनंतरावांना, "तुझ्या गळ्यात तो बसायचा नाही," असं तोंडावर सांगितलं. एरवी त्यांच्या ओसरीवर ठेका मीच धरायचो, पण श्री शिकवताना मलाही तबला वाजवू द्यायचे नाहीत. ओसरीच्या दाराआडून तुकडे कानावर यायचे, तेवढेच. पुढं मी ताईंना किती वेळा म्हणालो असेन, "एकदा घरी तरी म्हणा, मी ठेका धरतो." त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "गुरुजींनी सांगितलंय, हा घरात कोंडून ठेवू नको, चार माणसांत म्हण. समारोहातच ऐका." आणि मी वाट पाहत बसायचो.

आता समारोहात त्यांनी तो का म्हटला नाही, ते सांगतो. मैफलीत एक रिवाज असतो. आधीच्या गवयानं जो राग गायला तो नंतरच्यानं गायचा नाही. त्यामुळं हजेरीवाल्यांनी मोठे राग पाहुण्यांसाठी सोडायचे. समारोहाच्या आठवडाभर आधी अनंतरावांचा फोन यायचा.

"ताई, यंदा श्री, मारवा, पुरिया एवढे ठेवा हं. पाहुण्यांच्या मनात काय असेल सांगता येत नाही."

"ठेवते की, सर."

मी अनंतरावांशी एकदा भांडलो होतो. तर मलाच म्हणाले, "योगीराज, नैवेद्य दाखवायच्या आधी चाखतात का?"

आणि पाहुणे काय करायचे? पाहुणे संभाजीनगरहून मोटारीनं निघायचे. गाडी देवगाव फाट्याला आली की अनंतरावांना फोन, की मग इथं धावपळ. तोवर ऊन उतरलेलं असायचं. पाहुणे येणार, हातपाय धुणार, पोहे खाणार, तानपुरे लावणार. तोपर्यंत पार अंधार पडायचा. मग श्री कुठला आणि मारवा कुठला! बिहाग गायचे, रागेश्री गायचे, एक भैरवी म्हणून परतीच्या वाटेला लागायचे. ताईंनी भीमपलास गाऊन श्री ठेवलेला असायचा, तो ठेवलेलाच राहायचा. देवही जेवला नाही आणि घरचेही उपाशी.

असं वर्षानुवर्षं चाललं. त्यात ताईंच्या गळ्यात गाठ आली.

सुरुवातीला त्यांनी पदराआड लपवली. मग गिळताना लागायला लागली, तेव्हा गोपाळराव नांदेडला घेऊन गेले. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. गाठ काढावीच लागेल, म्हणाले, आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून आहे. आम्ही जपू, पण शब्द देता येणार नाही. गाणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, याचा विचारही मला नको वाटतो. ताईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, "समारोह होईस्तोवर थांबता येईल का?" डॉक्टर थोडे दिवस थांबायला तयार झाले.

त्याच संध्याकाळी त्या मला सोबत घेऊन अनंतरावांच्या घरी गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या घरी काही मागितलेलं मला ठाऊक नाही. चहा झाला, तब्येतीचं बोलून झालं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "सर, यंदा मला श्री म्हणू द्या. पुन्हा आवाज ऱ्हाईल का न्हाई, कुणी सांगावं."

अनंतरावांनी खिशातून फोन काढला. माणूस वाईट नाही. बापाच्या नावासाठी उन्हातान्हात दारोदार फिरतो, हे मी त्यांच्याशी भांडतानाही विसरत नाही. त्यांनी आमच्यासमोरच पाहुण्यांना फोन लावला. त्या वर्षीचा पाहुणा नचिकेत नावाचा तरुण गवई होता, पुण्याचा, सध्या फार नावाजलेला. फोन त्याच्या शिष्येनं, प्राचीनं, उचलला. ती आनंदानं म्हणाली, "नचिकेतसरांचा सध्या श्रीच चाललाय. तुमच्याकडेही तोच गाणार आहेत. तसं कळवणारच होते मी."

म्हणजे इतक्या वर्षांत एक पाहुणा खरोखर श्री म्हणणार होता, आणि तो नेमका याच वर्षी! दैव तरी किती खोडसाळ असावं?

"आता काय करू, ताई?" अनंतराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, सर."

वाटेत माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सर, पाहुणे, रिवाज, कुणालाच मी सोडलं नाही.  शेवटी ताई म्हणाल्या, "पाहुणा हाय, भाऊ. त्याच्या ताटात हात घालायचा का आपण?"

समारोहाच्या दिवशी त्यांनी मुलतानी म्हटला. गळ्याभोवती शाल घेतली होती, गाठ दिसू नये म्हणून. मुलतानी संपत आला आणि मांडवाच्या कडेला अनंतराव फोन कानाला लावून येरझारा घालताना दिसले. देवगाव फाट्याजवळ उसाची ट्रॉली आडवी झाली होती, गाड्या तुंबल्या होत्या आणि पाहुणे त्यात अडकले होते. अनंतरावांनी लांबूनच ताईंना दोन्ही हातांनी खूण केली. ओढा, आणखी ओढा. मग ते फाटकाकडं गेले.

ताईंनी एक अभंग म्हटला. तोवर पाहुण्यांची वेळ म्हणून लोक यायला लागले होते. रुमालांवर माणसं येऊन बसली, मागच्या खुर्च्या भरल्या, बाया पोरांना घेऊन सतरंजीवर टेकल्या. ताईंच्या पुढं एवढी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. मांडवाशेजारच्या शाळेच्या भिंतीमागं सूर्य उतरत होता. मी खाली वाकून हळूच म्हणालो, "ताई, वेळ हीच हाय. त्यो येईस्तोवर अंधार पडतोय. म्हणा."

त्यांनी अनंतरावांना शोधलं. ते दिसले नाहीत. मग गुरुजींच्या फोटोकडं पाहिलं. तानपुरा पुन्हा एकदा नीट करून घेतला, डोळे मिटले, आणि षड्ज लावला.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. त्या रिषभावर आल्या आणि थांबल्या. मांडवातली कुजबुज बंद झाली. मग तिथून पंचमावर गेल्या आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली यायला लागल्या.  पुढच्या रांगेतला एक पेन्शनर, जो एरवी वर्तमानपत्र वाचत बसतो, तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. मला वाटलं, आता मिळणार आपल्याला. जन्मभर दाराआडून ऐकलं ते आता समोर बसून ऐकायचं.

आणि फाटकावर मोटारीचे दिवे पडले.

लोकांनी माना वळवल्या. खुर्च्या सरकल्या. अनंतराव पुढं आणि मागं नचिकेत, उंच, अंगावर शाल, चेहरा प्रवासानं सुकलेला. ताईंनी डोळे उघडले, त्याला पाहिलं, आणि तोंडातला सूर तिथंच सोडला. हात जोडले आणि उठून उभ्या राहिल्या.

"उठू नका, ताई! गा ना," नचिकेत जवळजवळ धावतच आला. "मी बसतो ऐकत. किती सुंदर लागला होता."

"न्हाई न्हाई. तुमच्यासाठीच ठेवलाय. मी आपलं तुमी येईस्तोवर वेळ काढू लागले होते."

"तुम्ही सुरू केलेला राग मी कसा गाऊ?" पोरानं कानाला हात लावला. "तुम्ही पूर्ण करा. मी दुसरं काही गाईन."

"आसं कसं? तुमी पाहुणे."

दोघंही खरं बोलत होते, हेच वाईट होतं. त्यातला एक जरी उद्धट असता तरी श्री गायला गेला असता. लग्नात दोन व्याही दाराशी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे राहतात आणि मागं पंगत खोळंबते, तसं चाललं होतं. मी बसल्या जागेवरून "ताई, बसा, बसा" म्हणत होतो, ते कुणाच्या कानावर गेलं नाही. ताई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. नचिकेतनं तानपुरे लावेपर्यंत अंधार झाला. त्यानं यमन गायला. चांगला गायला, नाव ठेवायला जागा नव्हती. मला ठेवायचं होतं तरी.

मध्यंतरात चहाजवळ अनंतराव ताईंना म्हणाले, "ताई, हात लावायचाच नव्हता. आणि लावला होता तर पूर्ण गायचा होता. तुम्हीही गायला नाहीत आणि त्यांनाही गाता आला नाही. आमच्या वडिलांचा राग त्यांच्याच मांडवात अर्धा पडला."

 मी बोलायला गेलो तर ताईंनी माझी बाही धरून मला मागं ओढलं. बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

ऑपरेशनला अजून थोडे दिवस होते. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "रिवाज गेला चुलीत. उद्या सांजच्याला मी तबला घेऊन येतो. तुमी म्हणा. गोपाळराव अन् मी, दोन माणसं तर हावोत. मोबाईलवर भरून घेऊ."

गोपाळरावही म्हणाले, "म्हण की. म्या आत बसून ऐकतो ह्या बारीला."

ताईंनी मान हलवली. "गळ्यातच उतरंना, भाऊ. म्हणायला बसले की दारात त्यो पोरगा उभा दिसतोय. नांदेडहून आल्यावर बगू."

नांदेडहून त्या आल्या, आवाज आला नाही. डॉक्टरांनी जेवढं जपता येईल तेवढं जपलं होतं. गाठीनं नसेला विळखाच घातलेला. जीव वाचला, हे सगळ्यांनी एकमेकांना पुन्हापुन्हा सांगितलं. ताईंच्या तोंडून आता वाऱ्यासारखं काहीतरी निघायचं, ते ऐकायला ओठांकडं पाहावं लागायचं. शाळेत त्या पेटीवर स्वर वाजवून दाखवायच्या आणि पोरी आपापल्या मनानं ओरडायच्या. नोकरीची शेवटची वर्षं तशीच रेटायची होती. बाजारात दिसल्या की लोक मोठ्यानं बोलायचे त्यांच्याशी, जणू त्यांना ऐकायलाच येत नाही.

पुढच्या वर्षी समारोहाला राजेश्री नावाच्या गायिका आल्या. शहाणी बाई, आदल्या दिवशीच येऊन मुक्कामाला राहिली. तिच्या तानपुऱ्याला एक माणूस कमी पडत होतं. अनंतरावांनी मला ताईंकडं धाडलं. स्वतः जायला त्यांचा पाय उचलत नव्हता, हे मला कळत होतं. मला वाटलं, ताई नाही म्हणतील. त्यांनी कपाटातून इस्त्रीची साडी काढली.

या वेळी हजेरी नव्हतीच, लावायला कुणी उरलं नव्हतं. पाहुणीनं दिवस मावळायच्या वेळेला बैठक मांडली आणि श्री सुरू केला. मांडव भरलेला. ताई तिच्या मागं तानपुरा घेऊन बसल्या होत्या, उजव्या बाजूला, गुरुजींच्या फोटोजवळ. पाहुणीबरोबर तिचा तबलजी होता, म्हणून मी लोकांत बसलो होतो आणि तिच्यापेक्षा ताईंकडंच पाहत होतो. त्यांची बोटं तारांवरून एकसारखी फिरत होती. श्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाला, बडा ख्याल झाला, द्रुत झाली. लोक खूष झाले. ज्या रागाची ताईंनी जन्मभर वाट पाहिली तो त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर गायला गेला, आणि त्यांना फक्त चार तारा छेडायच्या होत्या. मला तिथं बसवेना. पण उठायचं तरी कसं, म्हणून बसलो.

संपल्यावर पाहुणीनं वळून ताईंच्या पायांना हात लावला. "तानपुरा फार सुरेल ठेवलात, ताई. तुम्हीही गाता का?" अनंतराव शेजारी उभे होते. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. ताईंनी हसून मान हलवली, नाही म्हणून.

मध्यंतरातच त्या घरी निघाल्या. मी सोबत निघालो. शाळेच्या भिंतीच्या कडेनं चालू लागलो. मग मला राहवलं नाही.

"कसा वाटला श्री?"

त्या थांबल्या. मी ओठांकडं पाहिलं.

"लय चांगला म्हणली. पण आपला आसा न्हवता."

"मग आपला कसा होता?"

शब्द तोंडातून गेले आणि माझी जीभ झडली तर बरं, असं मला झालं. पण ताईंनी प्रश्न मनावर घेतला. ज्यानं एवढी वर्षं विचारलं त्याला सांगायलाच हवं, अशा मुद्रेनं त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला आणि तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मग उजवा हात वर करून हवेत रिषभाची जागा दाखवायला लागल्या, तिथून पंचमाची. हात काही वेळ तिथंच राहिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मला कळत नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि पदरात गुंडाळला.

"म्या उठायला नको होतं, भाऊ," त्या म्हणाल्या.